बसूच्या पोटात पाला कसा गेला

चार आया एका नळावर पाणी भरायला लागल्या की किस्से आपोआप साठतात. कोणाला ते मुद्दाम जमवावे लागत नाहीत. आमच्या पूर्णेच्या रेल्वे क्वार्टर्समधलेच इतके आहेत, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच तोंड घालतो. आता तुम्हीच विषय काढलात की आजची पोरं काही म्हणजे काही खात नाहीत, तर ऐका. आमची पोरंही खात नव्हती! फरक एवढाच, की आम्ही हरायला तयार नव्हतो.

राज्य निजामाचं होतं, लढाई चालू होती, धान्य-रॉकेल सगळं रेशनवर. आमचे हे मालगाडीवर गार्ड. एकदा डबा-कंदील घेऊन लाइनवर गेले की कधी परततील ते इंजिनालाच ठाऊक. मी पालमकडची, लिंगायत घरातली. शेजारी लक्ष्मम्मा, वरंगळकडची, तिचा नवरा इंजिनावर फायरमन. समोर खातूनबी, तिकीट बाबूंची बायको. तिच्या अंगणात एक पपईचं झाड आणि एक बकरी. आणि या सगळ्यांच्या मध्ये माझा बसू, पाच वर्षांचा. त्याला जगात तीनच खाण्याच्या वस्तू माहीत होत्या. ज्वारीची भाकरी, दूध आणि गूळ. चौथी वस्तू ताटात दिसली की तो तोंड असं मिटायचा की चमच्याची दांडीसुद्धा आत जायची नाही!

"खाईल मोठा झाल्यावर," असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

०००

मग एका संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास आम्ही तिघी अंगणात उभ्या होतो. मी हाक मारली, "बसू, चल रे घरात." बसू खेळातून उठला, हात पुढे करून चालत आला, माझ्या जवळून गेला आणि खातूनबीच्या बकरीच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, "माय, भूक लागली."

खातूनबी खो खो हसली. लक्ष्मम्मा हसली. मीसुद्धा हसले. बकरी ओरडली तसा बसू केवढ्याने दचकला! हात सोडून तिथेच उभा राहिला आणि रडवेल्या आवाजात विचारू लागला, "माय, कुठं हायस तू?"

मी त्याच्या समोर होते. दोन पावलांवर.

आम्हा तिघींचंही हसू तिथेच थांबलं. गेले कित्येक दिवस हा पोरगा अंधार पडायला लागला की ओट्यावर बसून राहायचा, आणि आम्ही म्हणत होतो, खेळून दमला असेल!

०००

दुसऱ्या दिवशी खातूनबीला सोबत घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरसाहेबांनी बसूच्या पापण्या वर-खाली करून पाहिल्या. म्हणाले, "रातांधळेपणा आहे. पोटात सत्त्वाचं काही जातच नाही याच्या. वेळेवर लक्ष दिलं तर बरा होईल. नाही दिलं तर उद्या दिवसाचंही दिसणं जाईल."

"औषध द्या साहेब," मी म्हणाले.

"मासळीचं तेल देतो. रोज एक चमचा."

"साहेब, आमी लिंगायत हाव."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "मग पाला घाला! शेवगा, तांदुळजा, मेथी. गाजर, पपई, लाल भोपळा, टमाटे. जे जे हिरवं आणि जे जे पिवळं-तांबडं, ते सगळं!"

"त्यो खात न्हाई साहेब."

"बाई, खायला काय घालायचं ते मी सांगू शकतो. भरवायला मला घरी येता येत नाही!"

बाहेर आल्यावर मी रडायला लागले. खातूनबीने माझा हात धरला आणि म्हणाली, "कैकू रोतीं गंगाबाई? बकरी खाती सो सब खिलाना, इत्ताच तो बोले डाक्टर. चलो, मेरी बकरी कू पूछ लेतीं, किस पत्ते से शुरू करना!"

०००

सासरी पालमला निरोप गेला आणि आत्याबाई बैलगाडी, मग रेल्वे करत येऊन थडकल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. नाकाच्या शेंड्यावर राग आणि गळ्यात लिंग, दोन्ही कायम जागेवर. समोरचे दात पडलेले, पण शब्द एकही पडत नसे.

दारातूनच पहिला प्रश्न, "मासळीच्या तेलाची बाटली घरात आली न्हाई ना?"

"न्हाई आत्याबाई."

विश्वास ठेवतील तर त्या आत्याबाई कसल्या! पाणी पिण्याच्या आधी त्यांनी घरातली एकूण एक बाटली उघडून हुंगली. दुपारी मी नळावरून आले तर ओट्यावर बाटल्यांची रांग. एरंडेल, रॉकेल, यांचं डोक्याला लावायचं तेल, खोकल्याचं मिक्स्चर, अगदी शाईची दौतसुद्धा!

"आत्याबाई, ह्यात कशात मासळी सापडली तुमाला?"

"मला काय ठावं?" आत्याबाई कडाडल्या. "जन्मात कधी मासळीचा वास घेतलाय का मी? म्हून समद्याच बाहेर ठेवल्या!"

पण त्याच दिवशी त्यांनी बसूला मांडीवर घेतलं, त्याच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "तेल नको म्हंजे नको. पर माझ्या नातवाचे डोळे मला पायजेत. काय करायचं ते आपुन करू." त्या गावी परत जायला आल्याच नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं.

०००

टमाटे आमच्यात तेव्हा कोणी खात नव्हतं. काही जण त्याला विलायती वांगं म्हणायचे. यांनी लाइनवरून येताना सिकंदराबादहून एक पुडकं आणलं. उघडलं तर लालबुंद, चकचकीत फळं! आत्याबाई एक पाऊल मागे सरकल्या. "हे कापल्यावर आतून रगत निघंल बगा."

मी कापलं. रस निघाला. आत्याबाईंनी डोळे मिटून शिवाचं नाव घेतलं.

आता याचं करायचं काय? लक्ष्मम्मा क्वार्टरमध्ये नव्हती, खातूनबी माहेरी गेलेली. वांगं म्हणतात तर वांग्यासारखंच करू, असं मी ठरवलं. देठाकडून चार चिरा दिल्या, शेंगदाणे-तीळ-लसणाचा मसाला ठासून भरला, तेलात सोडलं, वर ताट झाकून त्यात पाणी ठेवलं आणि भरल्या वांग्याला लागतो तेवढा वेळ मंद आचेवर शिजू दिलं.

झाकण काढलं. वांगी गायब! पातेल्यात मसाला आणि चार-दोन साली. मी पळीने तळ ढवळून पाहिला, चुलीमागे पाहिलं. माझा पहिला संशय यांच्यावर गेला, कारण हे भुकेले आले होते.

आत्याबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि निकाल दिला, "मी पैल्यांदाच म्हनलं व्हतं. हे वांगं न्हवं. वांगं असं पातेल्यातून पळून जात न्हाई!"

बसूने त्या रश्शात भाकरीचं टोक बुडवलं, जिभेला लावलं, डोळे बारीक केले आणि ताट सरकवलं. पण जिभेला लावलं होतं. मी तेवढंच धरून ठेवलं.

०००

लक्ष्मम्माचं वेगळंच दुखणं होतं. तिचा नरसू भाताशिवाय काही खात नव्हता, आणि तिच्या आवडीचा तांदूळ रेशनमुळे मिळेनासा झालेला. भाकरी दिली की नरसू ती वाजवून दाखवायचा. आमच्याकडे भात म्हणजे आजाऱ्याचं खाणं, त्यामुळे बसूला भात दिला की तो विचारायचा, "मला ताप आलाय का?"

लक्ष्मम्मा एक दिवस म्हणाली, "गंगम्मा, पोरगा आपल्या घरी खात नाय. दुसऱ्याच्या घरी सगळा खातो. तुझा पोरगा माझ्याकडे, माझा पोरगा तुझ्याकडे!"

झालं. रोज दुपारी बसू तिच्या मागच्या ओट्यावर, भात आणि अंबाडीच्या पाल्याची आंबट चटणी घेऊन. नरसू माझ्या मागच्या ओट्यावर, भाकरी आणि पिठलं घेऊन. मध्ये कमरेएवढी भिंत. दोन्ही ताटं चाटूनपुसून परत यायची! मी नळावर सांगायचे, "तुमचा नरसू काय भाकरी खातो बाई!" लक्ष्मम्मा सांगायची, "तुझा बसू काय भात खातो!" आठवडाभर आम्ही दोघी कॉलर ताठ केल्यासारख्या फिरत होतो.

एके दिवशी एक भाकरी जास्त झाली म्हणून नरसूला द्यायला मी मागे गेले. पाहते तर भिंतीवरून ताटं इकडची तिकडे झालेली! नरसू आपला माझ्या ओट्यावर बसून भात खातोय, आणि पलीकडे बसू भाकरी!

लक्ष्मम्मा तिच्या दारात कपाळाला हात लावून उभी. "अय्यो! आपण दोघी आठ दिवस हमाली केलो!"

पण मी पलीकडे नीट पाहिलं. बसूने नरसूला ताट देताना भात दिला होता, चटणी ठेवून घेतली होती. भाकरीला अंबाडीची चटणी लावून चाटत होता! मी लक्ष्मम्माला खूण केली, दोघी आवाज न करता आत गेलो. एक पान आत गेलं होतं. आंबट का असेना, पान होतं ते.

०००

खातूनबीचा एक प्रयोग फारच छोटा ठरला. तिचं म्हणणं, पोरांना नको म्हटलेलं हवं असतं. तिने मेथीची कोवळी जुडी ओट्यावर ठेवली आणि बसूला दटावलं, "इसकू हात नको लगाना हं बेटा! ये सिर्फ बकरी का है!" आणि पडद्याआड जाऊन वाट पाहत बसली.

बसूने जुडीकडे पाहिलं, उचलली आणि नेऊन बकरीला घातली.

खातूनबी तणतणत माझ्याकडे आली. "गंगाबाई, इत्ता शरीफ बच्चा कैकू पैदा करे तुमे?"

०००

खातूनबीच्या झाडाची पपई पिकली. बसू नुसता वासानेच पळायचा. तेव्हा आत्याबाईंनी आपलं ठेवणीतलं शस्त्र काढलं. आमच्यात रोज आंघोळ झाली की गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, त्याला दाखवल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. आणि जे दाखवलं तो प्रसाद. प्रसादाचा कणही टाकायचा नाही. हे बसूलाही पक्कं ठाऊक होतं.

आत्याबाईंनी पूजा मांडली, पपईची फोड लिंगाला दाखवली, डोळे मिटले, उघडले आणि फोड बसूपुढे धरली. "खा. परसाद हाय."

बसूने फोडीला चारी बाजूंनी निरखलं. "आज्जे, देवानं चाखली का?"

"चाखली की."

"मग व्हती तेवढीच कशी हाय? त्याला बी आवडली न्हाई!"

प्रसाद टाकायचा नाही म्हणून ती फोड आत्याबाईंनीच खाल्ली. पण हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, फोड दाखवून झाली, आणि बसूला हाक मारायच्या आत त्यांनी पाठमोऱ्या होऊन काहीतरी केलं. मग मोठ्याने म्हणाल्या, "ये बग बसू! आज देवानं खाल्ली!"

खरंच फोडीचा लचका गेलेला! बसू हरखला. देवाने खाल्लेली फोड हातात घेतली, उलटसुलट केली, लचक्याच्या जागी बोट फिरवलं. देव काय खातो बघू म्हणून पलीकडच्या टोकाचा एक घास तोडून खाल्ला. मग दुसरा. आम्ही श्वास रोखून उभ्या!

फोड संपत आली तसा त्याने लचक्याकडे पुन्हा पाहिलं आणि आजीकडे पाहिलं.

"आज्जे, देवाचे बी समोरचे दात पडलेत!"

०००

लाल भोपळ्याची जबाबदारी आम्ही यांच्यावर टाकली. बापाला खाताना पाहून पोरगा खाईल, असा हिशेब. अडचण एकच, की यांना लाल भोपळा पाहिला तरी उमासा यायचा. आत्याबाईंनी पोराला कोपऱ्यात घेऊन दम भरला, म्हणजे यांना. "तुझ्या लेकाच्या डोळ्यांपरीस तुझी जीभ मोठी हाय का?"

हे बिचारे पाटावर बसले. भोपळ्याची फोड तोंडात टाकली. चेहऱ्यावर हसू असं आणलं, की जणू कोणी फोटो काढायला उभं आहे! "वा! वा! काय गोड हाय! बसू, असलं मी कुठंच खाल्लं न्हाई!"

बसू टक लावून पाहत होता. बापाचं ताट रिकामं झालं तसं त्याने आपल्या ताटातल्या सगळ्या फोडी गोळा केल्या आणि प्रेमाने यांच्या ताटात वाढल्या. "बाबा, तुमाला लय आवडतंय तर माझं बी तुमीच खावा."

आत्याबाई समोर बसलेल्या. सुटका नव्हती. यांनी तेही खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भोपळा, पुन्हा तेच! तिसऱ्या दिवशी मी भोपळा चिरायला घेतला तर हे कंदील पुसत बसलेले.

"आज तर सुट्टी हाय ना तुमाला?"

"दुसऱ्या गार्डला बरं न्हाई," हे म्हणाले. "त्याची ड्युटी मी मागून घेतली." तो दुसरा गार्ड मला संध्याकाळी बाजारात भेटला. ठणठणीत होता!

०००

बाहेर त्या वर्षांत बरंच काही घडत होतं. आज हा गेला, उद्या तो गाव सोडून निघाला. त्याचे किस्से होत नाहीत, म्हणून ते मी सांगत नाही. पण त्या दिवसांत आमचा नळ, आमचा ओटा आणि बसूचं ताट यांच्यावर मात्र तिन्ही घरांचं राज्य होतं. खातूनबी सकाळी कडी वाजवून पहिला प्रश्न विचारायची, "क्या खाया?" कसा आहे असं ती विचारत नसे. क्या खाया!

आणि उत्तर रोज थोडंच असायचं. चाटभर चटणी, एखादा घास पपई. डॉक्टरसाहेब म्हणायचे, "पुरत नाही बाई, पाला पोटात जाऊ द्या." संध्याकाळ झाली की बसू अजून ओट्यावर भिंतीला धरून बसायचा. कोणी जवळून गेलं की विचारायचा, "कोन हाय?" मी हातातलं काम टाकून त्याच्याजवळ जाऊन बसायचे.

०००

शेवटचा डाव आत्याबाईंचा. एक दिवस भाकरी थापता थापता त्या सहज बोलून गेल्या, "त्याला आपुन दिवसा कामून जेवू घालायलोय? दिवेलागणीच्या आदी, अंधारायला लागल्यावर घालू. दिसतच न्हाई त्याला. मग पिठात पाला कालवला काय न्हाई काय, कसं कळणार?"

मला त्या बोलण्याचा इतका राग आला! माझ्या लेकराला दिसत नाही, आणि त्याचाच फायदा घ्यायचा? मी उठून मागच्या दारी गेले आणि होती नव्हती ती भांडी घासून काढली. मग परत आले आणि आत्याबाईंसमोर परात ठेवली. दुसरा काही मार्ग मला सुचत नव्हता.

कामं वाटली गेली. शेवग्याचा पाला लक्ष्मम्माच्या झाडाचा. तो चिरायचा खातूनबीने, कारण तिच्यासारखं बारीक आमच्यात कोणाला जमत नव्हतं. आत्याबाईंनी पहिल्या दिवशी बजावलं, "तिनं ओट्यावरच चिरावा. आन् आपुन धुऊन घ्यायचा." पहिले काही दिवस त्यांनी तो धुतला. पुढे पुढे धुवायचं विसरू लागल्या. मग एक दिवस खातूनबीला उशीर झाला तर आत्याबाईच दारात जाऊन ओरडल्या, "आगं, पीठ वाट पाहायलंय तुजी!"

पाला पिठात मिसळायचा, भाकरी थापायची, वरून तेलाचा हात. रॉकेल रेशनवर, त्यामुळे दिवा उशिरा लावायला निमित्त होतंच. बसूचं ताट अंगणात, उजेड पार मावळत आल्यावर. तो भाकरी चाचपायचा, तुकडा मोडायचा, चावायचा आणि थांबायचा.

"माय, भाकर अशी कामून लागायली?"

"नवी ज्वारी हाय बाळा."

दुसऱ्या दिवशी, "माय, आज बी?"

"रेसनची हाय ना!" आत्याबाई.

तिसऱ्या दिवशी, "आज बी?"

"जात्याला टाकी लावलीया नवी, दगडाची कच आली आसंल!" ही लक्ष्मम्मा, भिंतीपलीकडून. तिचं मराठी तेव्हा एकाएकी इतकं सुधारलं की आम्ही थक्क!

रोज नवं कारण काढायचं म्हणजे काय कमी काम आहे? खातूनबी तर एकदा गडबडीत म्हणाली, "बेटा, आज पानी जरा हरा आया नल कू!" मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण पोरगं खात होतं! कुरकुर करत, तोंड वाकडं करत, पण अख्खी भाकरी खात होतं. आम्ही रोज तेवढं पाहायचो आणि उठायचो. पाऊस सरला, थंडी पडू लागली, शेवग्याचं झाड खालून ओरबाडून बोडकं झालं. लक्ष्मम्माचा फायरमन शिडी लावून वरच्या फांद्या तोडायला लागला.

असाच एक दिवस. सूर्य बुडून गेलेला. अंगणात एकमेकींचे चेहरे जेमतेम ओळखू यावेत इतपत उजेड. खातूनबी माझ्या शेजारी बसलेली, लक्ष्मम्मा भिंतीला टेकलेली, आणि आत्याबाई अंगणाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात, रांजणापाशी पाटावर. मी बसूपुढे ताट ठेवलं.

बसूने तुकडा मोडला. तोंडात घातला नाही. हातात धरून खाली मान घालून बसला. मग नखाने त्यातून काहीतरी काढलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं. पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं.

"माय, ह्याच्यात पाला हाय."

मी सवयीने तोंड उघडलं. "न्हाई रे, नवी ज्वा..." खातूनबीने माझा दंड घट्ट धरला.

"हाय की! ह्यो बग. ह्यो बी. आन् ह्यो इथं बारका," बसू चिडून एकेक कण वेचत होता. "तू मला रोज पाला घालायलीस व्हय?"

लक्ष्मम्माने भिंतीपलीकडे "अय्यो" म्हटलं, तेही अगदी हळू. कोणी हललं नाही. कोणी दिवा लावायला उठलं नाही. पलीकडच्या कोपऱ्यात आत्याबाईंनी पदर तोंडात धरलेला. त्यांचा आवाज येत नव्हता, श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

बसूने वैतागून मान वर केली आणि अंगणाच्या त्या टोकाकडे पाहिलं.

"आज्जे, तू कामून रडायलीस?"